राजाबाईचा बुरूज आणि आपली रद्दी

ग्रंथसूची हेही एक पुस्तकच असतं. त्याला लेखक असतो, त्याला भूमिका असते, आणि काय घ्यायचं नि काय वगळायचं याची त्याची आवडनिवड असते. कवितासंग्रहांवर लिहिणारे समीक्षक मराठीत पैशाला पासरी आहेत. सूचीवर कोणी लिहीत नाही. कारण सूची म्हणजे निष्पाप वस्तू, असा समज आहे. अमुक पुस्तक अमुक कपाटात आहे, यात कसला आलाय पक्षपात? मला हे मान्य नाही. म्हणून मी आज मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाची समीक्षा करणार आहे, एखाद्या ग्रंथाची करावी तशी.

धामणकर नाक्यावरच्या माणसानं फोर्टातल्या ग्रंथालयावर का बोलावं, असं कोणी विचारील. बोलावं. नाक्याजवळचं बी.एन.एन. कॉलेज त्याच विद्यापीठाला जोडलेलं आहे. कांड्या भरणाऱ्या बायांची पोरं त्याच विद्यापीठाचा शिक्का असलेला कागद घेऊन नोकरीच्या रांगेत उभी राहतात. शिक्का आपल्याला चालतो, मग ग्रंथालय परकं का?

आधी इमारत बघा. विद्यापीठ १८५७ चं. ग्रंथालयाला पैसे दिले प्रेमचंद रायचंदनं, १८६४ साली. आधी ग्रंथालयासाठी दोन लाख, मग बुरुजासाठी आणखी दोन लाख, आणि बुरुजाला आईचं नाव, राजाबाई. नकाशा काढला लंडनच्या गिल्बर्ट स्कॉटनं, तो मुंबईला आलाच नाही. १८६९ ला पाया घातला, १८७८ ला काम पुरं झालं. बुरुजाची उंची २८० फूट. हे सगळं शाळेच्या सहलीत सांगतात. पैसे कुठून आले ते मात्र सांगत नाहीत. ते आले कापसातून. अमेरिकेत १८६१ ते १८६५ गुलामगिरीवरून यादवी युद्ध झालं. दक्षिणेचा, म्हणजे गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरला मिळेना. मग इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईचे दलाल रातोरात धनाढ्य झाले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले, आणि तेच दलाल रातोरात बुडाले. प्रेमचंदही बुडाला. दिलेले पैसे तेवढे वाचले, ते दगडात गेले.

आता याच युद्धाचा आपल्याकडचा दुसरा वारसा बघा. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मोकळं केलं. युद्ध एकच. त्याच्यातून एकानं कापसाचा नफा काढला, दुसऱ्यानं त्याचा अर्थ काढला. नफ्याचं ग्रंथालय झालं. अर्थाला त्या ग्रंथालयात किती जागा मिळाली, हा माझा प्रश्न आहे. १८८२ ला हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी हेच तर मांडलं होतं. सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामावर आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. कापूस कोणी पेरला, कोणी वेचला, सरक्या कोणी काढल्या, हे बुरुजावर कोरलेलं नाही. भिवंडीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सूत त्याच्या नाकातोंडात रोज जातं.

बुरुजावर दुसरं काहीतरी कोरलेलं आहे. पश्चिम भारतातल्या जाती-जमातींचे चोवीस पुतळे. ते घडवले मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्यानं. पागोटी, पेहराव, दाढ्या-मिशा, सगळं हुबेहूब. त्या चोवीसांत आपला कोणी आहे की नाही, हे शोधायला मी दुर्बीण घेऊन जाणार नाही. मला एवढंच दिसतं की इथं जात आत कपाटात अभ्यासाचा विषय होण्याआधी बाहेर भिंतीवर शोभेची वस्तू झाली. साहेबाला जात म्हणजे पेहराव वाटला. आपल्याला ती पेहरावात भेटली नाही, पाणवठ्यावर भेटली.

आता आत जाऊ. या ग्रंथालयाची खरी श्रीमंती हस्तलिखितांत आहे आणि त्यांच्या छापील वर्णनात्मक सूच्या आहेत. १९३५ साली शेख अब्दुल कादिर सरफराज यांची फारसी, अरबी, उर्दू हस्तलिखितांची सूची निघाली. १९४४ साली देवस्थळी यांची संस्कृत आणि प्राकृत पोथ्यांची सूची निघाली, तिच्यात भगवतसिंहजी संग्रह आणि भडकमकर संग्रह. १९६५ साली मुइझ गोरियावाला यांनी फैजी संग्रहातल्या इस्माइली हस्तलिखितांची सूची केली. आसफ फैजी हे कायद्याचे मोठे पंडित, त्यांनी स्वतःचा संग्रह विद्यापीठाला दिला होता.

या सूच्यांची मी टिंगल करणार नाही. उलट हात जोडतो. असली सूची म्हणजे हाडं झिजवणारं काम आहे. पोथीची पानं किती, दर पानावर ओळी किती, ओळीत अक्षरं किती, लिपी कोणती, आरंभ कसा, शेवट कसा, नक्कल कोणी केली, कोणत्या शकात, कुठली पानं वाळवीनं खाल्ली. ज्याच्या फाटक्या कागदाची एवढी विचारपूस होते, त्याचं ज्ञान हे ज्ञान ठरतं. सूचीचं राजकारण इथं आहे, शिव्याशापात नाही.

आणि बाबासाहेबांचं चरित्र या सूच्यांशेजारी ठेवून बघा. एल्फिन्स्टन हायस्कुलात पोराला संस्कृत घ्यायचं होतं. दिलं नाही. फारसी घ्यावी लागली. म्हणजे विद्यापीठाच्या संग्रहाचे जे दोन मोठे दरवाजे, त्यातला एक त्याच्या तोंडावर लावलेला. पुढे त्यानं संस्कृत स्वतःच्या हिमतीवर मिळवलं ही गोष्ट वेगळी. १९३५ ला फारसीची सूची निघाली त्या साली बाबासाहेब येवल्याला होते, हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगत. ही नुसती सालांची गाठ आहे, मी तिच्यातून ओढूनताणून काही काढत नाही. पण विद्यापीठाच्या इतिहासात एक साल येतं आणि दुसरं येत नाही, तेव्हा दोन्ही शेजारी लिहून बघायला काय हरकत आहे?

इथं आपल्यातले काही गरम डोक्याचे म्हणतात, जाळा त्या पोथ्या. धर्मशास्त्राच्या पोथ्या कशाला सांभाळायच्या? मित्रांनो, २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली ती मैदानात, हजारो माणसांसमोर, जाहीर कृती म्हणून. ग्रंथालय जाळलं नाही. बाबासाहेबांनी त्याच शास्त्रांचा एकेक श्लोक तपासून १९४६ ला ‘शूद्र पूर्वी कोण होते’ आणि १९४८ ला ‘अस्पृश्य मूळचे कोण’ हे ग्रंथ लिहिले. गोमांसाच्या प्रश्नावर पुरावा कोणाचा दिला? पां. वा. काण्यांचा. धर्मशास्त्राचा इतिहास खंडामागून खंड लिहिणारे हे काणे १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. शत्रूच्या कपाटातून आपला साक्षीदार काढायचा असेल तर कपाट शाबूत पाहिजे आणि आपला हात तिथपर्यंत पोचला पाहिजे. हात पोचत नाही ही तक्रार. कपाट आहे ही तक्रार नाही.

हात कसा पोचणार? भिवंडीचे माग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालतात. रात्रपाळी करून आलेल्या पोरानं नाक्यावर मेट्रोच्या खांबाखाली शेअर रिक्षा पकडायची, ठाणे गाठायचं, ठाण्याहून लोकल, मग कलिन्याला जवाहरलाल नेहरू ग्रंथालय नाहीतर फोर्टात राजाबाई. जाऊन येऊन दिवस गेला, खाडा पडला. १९४६ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा बाबासाहेबांनी सकाळचे वर्ग ठेवले, नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून. वेळापत्रक ही सुद्धा राजकीय गोष्ट असते हे त्या माणसाला ठाऊक होतं. १९२७ ला मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या कायद्याची दुरुस्ती आली तेव्हा सिनेटवर मागासवर्गांचे प्रतिनिधी पाहिजेत म्हणून तो भांडला. उच्च शिक्षण गरजूच्या दारापर्यंत गेलं पाहिजे, हे त्याचं म्हणणं. आता विद्यापीठाचं उपकेंद्र ठाण्याला बाळकुमपर्यंत आलंय, आपल्या वाटेवरच. तिथं पुस्तकं मागायला जाणारे आपण किती?

नुसतं ग्रंथालय आलं म्हणजे समता आली, असं मात्र कोणी समजू नये. सयाजीरावांनी बडोद्यात १९१० पासून गावोगाव वाचनालयं उभी केली, सगळ्या हिंदुस्थानात पहिली. त्याच बडोद्यात १९१७ ला कोलंबियाहून परत आलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकत होते आणि पारशी खानावळीतून त्याला काठ्या दाखवून बाहेर काढलं. वाचनालय होतं, घर नव्हतं.

आता सूचीच्या आतल्या गोष्टीकडे येतो. पुस्तक कुठल्या कपाटात जातं हे आकड्यांनी ठरतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ड्यूईची दशांश पद्धत. १८७६ ला मेलविल ड्यूई या अमेरिकनानं ती छापली. हाच ड्यूई पुढे कोलंबियाचा ग्रंथपाल होता, १८८३ ते १८८८, म्हणजे बाबासाहेब तिथं जाण्याच्या पंचवीस वर्षं आधी. त्यानं काढलेल्या क्लबात ज्यूंना आणि काळ्यांना प्रवेश नव्हता. २०१९ ला अमेरिकन ग्रंथालय संघटनेनं आपल्या पदकावरून त्याचं नाव काढलं. जगातल्या सगळ्या ज्ञानाला घर देणाऱ्यानं शेजारच्या माणसाला दार लावलं होतं. हे वाचून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही, असली विद्वत्ता आपण पिढ्यान् पिढ्या बघतोय.

ड्यूईत मराठी साहित्य ८९१.४६, कविता ८९१.४६१. तिथं ‘गोलपिठा’ (१९७२) गेलं पाहिजे, तांब्यांच्या शेजारी, बोरकरांच्या शेजारी, भांडत का होईना. पण मुंबईतल्या एका मोठ्या ग्रंथालयात, नाव घेत नाही, मी दलित आत्मकथनं शोधत होतो तर ती मिळाली समाजशास्त्राच्या कपाटात, ३०० च्या रांगेत, अस्पृश्यता-निवारणाच्या अहवालांबरोबर. मी तिथल्या माणसाला म्हटलं, साहेब, हे साहित्य आहे. तो म्हणाला, पण विषय सामाजिक आहे ना? त्याचं काही चुकलं असं त्याला वाटत नव्हतं, आणि वाईट माणूसही नव्हता, त्यानं मला पाणी विचारलं. त्या एका प्रश्नात मराठी समीक्षेची पन्नास वर्षं आहेत. बामणाच्या पोरानं लहानपण लिहिलं की ललित, आपल्या पोरानं लिहिलं की समस्या. ‘बलुतं’ (१९७८) आलं तेव्हा लोक रडले, हळहळले, भाषेवर किती जण बोलले? दगडू आणि दया पवार असे दोघे समोरासमोर बसवून आत्मकथा सांगायची ही युक्ती कोणाच्या लक्षात आली? समीक्षक जे लेखात करतो तेच ग्रंथालय आकड्यात करतं. फरक एवढाच की समीक्षकाचा लेख विसरला जातो, आकडा पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला राहतो.

मग आपला कागद कुठाय? ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघालं, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ ला. १९९० ला राज्य सरकारनं वसंत मून यांच्या संपादनाखाली दोन्हींचे अंक एकत्र छापले तेव्हा कुठे ते सामान्य कार्यकर्त्याच्या हातात आले. सत्तर वर्षं. मधल्या काळात ते जगले कुणामुळे? कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीमुळे. आणि इथं मुंबई विद्यापीठाबद्दल एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा लबाड ठरेल. चांगदेव भवानराव खैरमोडे यांचा संग्रह याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. खैरमोडे म्हणजे बाबासाहेबांचे बारा खंडांचे चरित्रकार. पहिला खंड १९५२ ला आला, बाबासाहेब हयात असताना. ते गेले १९७१ ला, काही खंड तर त्यानंतर निघाले. या माणसानं आयुष्यभर कागद जमवले. पत्रं, कात्रणं, पत्रकं, अंक. देशोदेशीचे अभ्यासक आंबेडकरी चळवळीवर प्रबंध लिहायला येतात तेव्हा त्यांना या संग्रहापाशी यावं लागतं. आणि आपल्या नाक्यावर, जयंतीला डीजे लावणाऱ्या दहा मंडळांत, खैरमोडे संग्रह हे नाव किती जणांना माहीत आहे?

आता वरची यादी पुन्हा बघा. भगवतसिंहजी, भडकमकर, फैजी, खैरमोडे. विद्यापीठाचं ग्रंथालय विद्यापीठानं एकट्यानं बांधलेलं नाही. प्रत्येक संग्रहामागे कोणीतरी जमवणारा आहे. तीन संग्रहांना छापील वर्णनात्मक सूची मिळाली, प्रत्येक पानाची मोजदाद झाली. चौथ्या संग्रहालाही तशीच पाहिजे. त्याच ऐटीत, त्याच मापानं, कागदाचा पोत आणि शाईचा रंग लिहून. ही मागणी मेहेरबानीची नाही.

अशी सूची कशी दिसेल याचा नमुना देतो. नाक्याच्या पलीकडे एका रद्दीवाल्याकडे मला एक सायक्लोस्टाइल अंक मिळाला. देवस्थळींच्या पोथीसारखीच त्याची नोंद केली.

नाव: मुखपृष्ठ फाटल्यामुळे कळत नाही. पानं: २४, पैकी २ गहाळ. दर पानी ओळी: ३६ ते ४१, शेवटी शेवटी दाटी. कागद: शाई पिणारा, कडा तपकिरी. शाई: काळी, रोलरला जास्त लागल्यानं पान ९ वर मागच्या मजकुराचा डाग. लिपी: देवनागरी, हातानं स्टेन्सिल कापलेली. नकलकाराचं नाव नाही, पण ‘श’ आणि ‘ष’ यांतला भेद त्याला मंजूर नाही. काळ: १४ एप्रिल, साल फाटलेलं. आरंभ: अंकाला उशीर झाल्याची संपादकाची दिलगिरी. शेवट: वर्गणी थकवणाऱ्यांची यादी, रुपये-पैशांसह. आत: कविता ७, कथा १, एक लेख ‘अमुक प्राध्यापकास जाहीर सवाल’. इतर: मलपृष्ठावर पेन्सिलनं कांड्यांचा हिशोब, वेगळ्या हाताचा.

या शेवटच्या ओळीसाठी मी भांडतोय. अंक मागाच्या खात्यात गेला होता, तिथं वाचला गेला, त्याच्यावर हिशोब झाला. वाचकाचा एवढा पक्का पुरावा कुठल्या साहित्य अकादमीकडे आहे? आणि तो अंक मला मिळाला किलोच्या भावात.

कोणी म्हणेल, आता सगळं इंटरनेटवर येतंय, कागदाचा मोह कशाला? अरे, फोटो काढायलासुद्धा वस्तू लागते. जे कोणी ठेवलंच नाही त्याचं स्कॅन कुठून आणणार? आणि सरकारवर भिस्त ठेवायची तर बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड बघा. १९७९ ला पहिला निघाला. २०२१ च्या डिसेंबरात छपाई रखडल्याची वर्तमानपत्रातली बातमी वाचून मुंबई हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सगळ्यात जास्त मागणी असलेल्या ग्रंथाची ही दशा, तर आपल्या चोवीस पानांना कोण विचारतो?

१९५५ ला ‘शब्द’ निघालं तेही सायक्लोस्टाइलच होतं. चित्रे, कोलटकर यांचं. त्याचे अंक आज प्रबंधांत येतात, कारण जपणारे होते, लिहिणारे होते, आठवण काढणारे होते. राजा ढाल्यांचे ‘येरू’, ‘तापसी’, ‘चक्रवर्ती’ याच घाईगर्दीतले. त्यांची नावं टिकली, सगळे अंक एका जागी सापडायला मात्र दहा घरं हिंडावी लागतात. गावोगावच्या बाकीच्या अंकांची तर नावंही गेली. आपल्या लोकांना एका खोलीत सहा माणसं झोपवायची असतात, कागद कुठे ठेवतील? बाबासाहेबांनी राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. १९१७ ला त्यांची अमेरिकेत घेतलेली पुस्तकं बोट बुडून समुद्रात गेली होती, त्यांनी पुन्हा जमवली. आपल्याकडे राजगृह नाही, पण वस्तीवस्तीत समाजमंदिर आहे, विहार आहे. त्यात एक लोखंडी कपाट बसतं. स्पीकर ठेवायला जागा होते तशी याला होईल.

तर कामाचं बोलतो. ज्याच्या घरी माळ्यावर जुने अंक, जलशाची पुस्तकं, मोर्च्याची पत्रकं, नामांतराच्या वेळचे हॅंडबिल असतील त्यानं दर रविवारी संध्याकाळी नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानापाशी आणून दाखवावीत. देऊन टाकायची नाहीत, नुसती दाखवायची. आम्ही वरच्या नमुन्याप्रमाणे नोंद करू आणि मूळ मालकाला परत देऊ. एम.ए. करणाऱ्या पोरींनी फोर्टात जाऊन खैरमोडे संग्रह बघायला मागावा, लेखी अर्ज करून, अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवून. आणि हा अंक निघाला की त्याच्या तीन प्रती बाजूला काढायच्या. एक विहारातल्या कपाटात, एक मुंबईत टाउन हॉलमधल्या सेंट्रल लायब्ररीला, कारण १९५४ चा कायदा प्रकाशकानं प्रत पाठवावी असं सांगतो, आणि तिसरी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात, हातानं नेऊन. तिथं टेबलावर ठेवून यायचं नाही. दाखल क्रमांक विचारायचा, पोच मागायची, आणि तारखेचा शिक्का मारून घ्यायचा.